नागपूरच्या हवेत ट्री फर्न जगवताना: नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय

ट्री फर्न, म्हणजे वृक्षनेचा, नर्सरीत हिरवागार दिसतो. पावसाळ्यात घरी आणला तर दोन-चार महिने छान वाढतोही. मार्च उजाडला की पानांची टोकं तपकिरी होऊ लागतात आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रणरणते दिवस, येईपर्यंत झाड गेलेलं असतं. मग लोक म्हणतात, पाणी कमी पडलं. बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलंच नसतं. नागपुरात ट्री फर्नचा जीव जातो तो कोरड्या गरम वाऱ्यानं आणि पाण्यातल्या चुना-क्षारांनी. ही दोन कारणं नीट कळली की निम्म्याहून जास्त अडचणी सुटतात, म्हणून या लेखात भर त्यांच्यावरच आहे.

हे झाड आपल्या भागाला अगदीच परकं नाही. सातपुड्यात पचमढीच्या सावलीच्या, पाझरत्या दऱ्यांमध्ये ट्री फर्न रानात वाढतात. पण पचमढी समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे आणि तिथल्या घळींमध्ये भर मे महिन्यातही ओल टिकते. आपल्याला अंगणाच्या एका कोपऱ्यात तशी घळ तयार करायची आहे.

१. आधी जागा ठरवा, झाड नंतर आणा

तळमजल्यावरची, घराच्या उत्तरेची किंवा पूर्वेची बाजू सगळ्यांत चांगली. सकाळी आठ-साडेआठपर्यंतचं कोवळं ऊन चालतं, त्यानंतर थेट ऊन नको. पश्चिमेकडून भिंतीचा, झुडपांचा किंवा जाळीचा आडोसा हवाच, कारण दुपारनंतरची झळ त्याच बाजूनं येते.

झाडाच्या सावलीत ठेवणार असाल तर ते झाड कोणतं, ते पाहा. आंबा उत्तम, कारण त्याची सावली बारमाही असते. सागाखाली ठेवू नका, ऐन उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. कडुनिंब चालतो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानगळ होते, तेवढे दिवस वर जाळी लावावी लागते.

गच्ची टाळा. तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि कुंडी खालून शिजते. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोरची जागा त्याहून वाईट. कूलरसमोर ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, हवा गार आणि ओली असते म्हणून. पण कूलरचा झोत जोरदार असतो आणि उलगडणारे कोवळे कोंब त्या झोतात वाळतात. खोलीत कूलर चालत असेल तर झाड झोताच्या रेषेबाहेर, कोपऱ्यात ठेवा.

२. जात निवडताना

इथे तीन पर्यायांचा विचार करता येतो.

सायथिया कूपेरी हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सचा. नर्सऱ्यांत बहुधा हाच मिळतो. झपाट्यानं वाढतो आणि ओल असेल तर बऱ्यापैकी उष्णता सोसतो. सायथिया जायगँटिया भारतातला. याच्या पानांचे देठ काळपट असतात. सावली आणि ओल दोन्ही भरपूर लागतात. तिसरा ब्लेकनम गिबम, जो ‘सिल्व्हर लेडी’ नावानं विकला जातो. हा खरा ट्री फर्न नाही, पण छोटंसं खोड धरतो, मीटरभराच्या आत राहतो आणि कुंडीत सुखानं वाढतो. पहिल्यांदाच लावत असाल तर यापासूनच सुरुवात करा.

डिक्सोनिया अंटार्क्टिका कितीही सुंदर दिसला तरी नागपुरात आणू नका. तो टास्मानियाच्या थंड, ओल्या जंगलातला आहे. आपल्या रात्रीसुद्धा त्याला मानवत नाहीत.

खरेदी करताना दोन सापळे आहेत. पहिला, सायकस. काही विक्रेते ट्री फर्न म्हणून सायकसच दाखवतात. सायकसची पानं कडक असतात आणि टोकं बोटाला टोचतात. फर्नचं पान मऊ असतं आणि नवं पान देठासकट घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं वर येतं. दुसरा सापळा जास्त गंभीर आहे: जंगलातून उपटून आणलेलं झाड. राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून वनस्पती काढणं गुन्हा आहे, आणि सायथियाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ नुसार नियंत्रण आहे. शिवाय मुळं तोडून आणलेला सायथिया सहसा जगत नाही. उघडी मुळं, छाटलेलं खोड, ताजी लाल माती दिसली की परत फिरा. ऑर्किड चढवायला मिळणाऱ्या ट्री फर्नच्या खोडाच्या फळ्याही घेऊ नका, त्यासाठी रानातलं उभं झाड तोडलेलं असतं.

शक्यतो एक-दीड फुटाचं, कुंडीत मुळं धरलेलं रोप घ्या. मोठं झाड महाग असतं आणि आपल्या हवेशी लवकर जुळत नाही.

३. जवळ काय हवं

- १६ ते १८ इंची, फिक्या रंगाची प्लास्टिकची किंवा फायबरची कुंडी, तळाला पाच-सहा भोकं
- ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी
- टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये, म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवतो) आणि पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता, तपासायच्या पट्ट्या
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ
- कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटेच्या रूपात मिळतो), नारळाच्या सालीचे तुकडे, जाडसर नदीची वाळू, कुजलेला पालापाचोळा, गांडूळखत
- काथ्या किंवा स्फॅग्नम मॉस, जुनी बारदानं
- ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (चुनखडीतही मुळांना मिळेल अशा रूपातलं लोह), कृषी केंद्रात मिळतं
- हातमोजे, मास्क आणि चष्मा

शेवटची ओळ गंमत म्हणून लिहिलेली नाही. कूपेरीच्या खोडावरची आणि देठावरची लव त्वचेला, डोळ्यांना आणि घशाला त्रास देते. झाडाखाली मान वर करून काम करताना ती डोळ्यांत पडते.

४. माती आणि कुंडी

आपली काळी माती ट्री फर्नला चालत नाही. पावसाळ्यात ती चिकट होऊन पाणी धरते आणि मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. त्यातून तिच्यात चुना असतो आणि पीएच बहुधा साडेसातच्या वर. ट्री फर्नला साडेपाच ते साडेसहा लागतो. म्हणून निदान पहिली दोन वर्षं कुंडीतच वाढवा.

मिश्रण असं करा: कुजलेला पालापाचोळा ३ भाग, धुतलेलं कोकोपीट ३ भाग, नारळाच्या सालीचे तुकडे २ भाग, जाड वाळू १ भाग, गांडूळखत १ भाग. वर ओंजळभर कोळशाचे तुकडे. वाळूच्या जागी क्रशरची चुरी वापरू नका, ती घट्ट बसते आणि पाणी अडतं.

कोकोपीट धुतल्याशिवाय घालू नये. त्याच्या विटेत क्षार असतात. वीट पाण्यात फुगवा, कापडात पिळा, नवं पाणी घाला, पुन्हा पिळा. पिळलेल्या पाण्याचा टीडीएस आपल्या मूळ पाण्याच्या जवळपास येईपर्यंत हे करत राहा. सहसा तीन-चार वेळा धुवावं लागतं.

नवी सिमेंटची कुंडी टाळा, तिच्यातून चुना झिरपत राहतो. मातीची कुंडी पावसाळ्यात छान, पण उन्हाळ्यात तिच्या अंगातून इतकं पाणी उडतं की दुपारपर्यंत काठाजवळची मुळं कोरडी पडतात. घ्यायचीच असेल तर ती मोठ्या टोपल्यात ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरा.

५. लावणी कधी आणि कशी

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. पाऊस स्थिरावलेला असतो, हवेत ओल असते आणि मुळांना थंडीआधी तीन महिने मिळतात. फेब्रुवारी ते जून या काळात कुंडी बदलूसुद्धा नका.

रोप बाहेरगावाहून आणत असाल तर पानं वर गोळा करून सैल बांधा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि गाडीच्या आत ठेवा. टपावर बांधून आणलेल्या झाडाची पानं वाऱ्यानंच जातात.

लावताना मुळांचा गोळा फोडू नका. रोप आधीच्या कुंडीत जितकं खोल होतं तितकंच ठेवा. खोडाच्या टोकाला, जिथून पानं निघतात, त्या शेंड्याला झाडाचा एकुलता एक वाढबिंदू असतो. तो मातीत गाडला, तुटला किंवा कुजला तर कूपेरीला बाजूनं फुटवा येत नाही. हे घरातल्या माळीकाकांनाही सांगून ठेवा, कारण ‘शेंडा मारला की झाड डेरेदार होतं’ हा जास्वंदीचा नियम इथे जीवघेणा ठरतो.

पहिल्या महिन्यात जुनी दोन-तीन पानं वाळणं स्वाभाविक आहे. शेंडा टणक असेल तर काळजी नको.

६. पाणी: कोणतं, किती, केव्हा

इथे घाई करू नका. पाणी घालण्याआधी ते मोजा.

टीडीएस २०० च्या आत असेल तर निर्धास्त वापरा. २०० ते ५०० मध्ये चालतं, पण अधूनमधून कुंडी धुवावी लागते. ५०० च्या वर नकोच. नागपुरात पेंच-कन्हानचं नळाचं पाणी बहुतेक बोअरच्या पाण्यापेक्षा सौम्य असतं. बोअरचं पाणी बाल्टीत वाळल्यावर पांढरा थर सोडतं ना, तोच थर फर्नच्या मुळांवर बसतो.

पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. गच्चीच्या पाइपाखाली ड्रम लावा, पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, मग भरून झाकण लावून ठेवा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही क्षारमुक्त असतं आणि ते नेमकं उन्हाळ्यातच मिळतं. ते साध्या नळाच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा.

दोन पाणी कधीही वापरू नका. एक, आरओचं वाया जाणारं पाणी: फिल्टरनं गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात. दुसरं, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी. कूलर दिवसभर पाणी उडवत राहतो, क्षार मात्र टाकीतच साचतात. आठवडाभर चाललेल्या कूलरचं पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी जड झालेलं असतं. ‘गार पाणी आहे, झाडाला घालू’ म्हणून सांडलेली ही बाल्टी फर्नला महागात पडते.

जड पाण्याशिवाय इलाजच नसेल तर १० लिटरला १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबाचं फूल, घालून ढवळा आणि पट्टीनं पाहा. पीएच सहाच्या आसपास येईपर्यंत थोडं थोडं वाढवा. यानं पाण्याचा पीएच उतरतो, क्षार कमी होत नाहीत. टीडीएस ५०० च्या पुढे असेल तर हा उपाय पुरा पडत नाही.

किती घालायचं? १६ इंची कुंडीला एप्रिल-मेमध्ये सकाळी साधारण ३ ते ४ लिटर, तळातून पाणी निथळेपर्यंत, आणि संध्याकाळी एक-दीड लिटर. पावसाळ्यात पाऊस नसेल तेव्हाच. थंडीत दोन-तीन दिवसांआड. आकड्यांपेक्षा बोट खरं सांगतं: दोन पेरं खोल माती नेहमी ओलसर लागली पाहिजे, पण मूठ दाबल्यावर पाणी गळायला नको. एकदा जरी कुंडी पूर्ण कोरडी पडली तरी सायथियाची पानं करपतात आणि पुन्हा पाणी घातल्यानं ती सावरत नाहीत.

वेळेचं फार महत्त्व आहे. मे महिन्यात दुपारी चार वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, उन्हात पडलेल्या पाइपातलं त्याहून गरम. ते थेट मुळांवर गेलं तर संपलंच. पाणी पहाटे घाला. संध्याकाळसाठी रात्रीच रांजणात किंवा सावलीतल्या बाल्टीत भरून ठेवा.

७. मार्च ते जून: हवेची ओल टिकवणं

मे महिन्यात दुपारी आपल्याकडे आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि पारा ४५ अंशांच्या पुढे. ट्री फर्नला निदान पन्नास टक्के आर्द्रता हवी. मुळाशी कितीही पाणी असलं तरी अशा हवेत पानं पाणी सोडतात त्या वेगानं मुळं ते वर पाठवू शकत नाहीत. म्हणूनच ‘रोज पाणी घालतो तरी वाळतंय’ ही तक्रार होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जाळी बांधा, एप्रिलची वाट पाहू नका. जाळी पानांच्या वर किमान अडीच-तीन फूट असावी, टेकली तर तिची धग पानांना लागते. पश्चिमेला तीच जाळी पडद्यासारखी जमिनीपर्यंत सोडा.

कुंडी एकटी ठेवू नका. भोवती अळू, केळ, कर्दळ, मनी प्लांट अशा मोठ्या पानांच्या कुंड्यांची गर्दी करा. खाली विटांचा थर अंथरून त्यावर वाळू पसरा आणि दिवसातून तीन-चारदा ती भिजवा. कुंडीभोवती ओलं बारदान गुंडाळा. खोड सहा इंचांहून उंच झालं असेल तर त्यावर मॉस किंवा काथ्या सैल बांधून ओला ठेवा, पण शेंड्याच्या दोन इंच खालपर्यंतच.

स्प्रे बाटलीनं पानांवर फवारा मारण्याचा फायदा फार थोडा वेळ टिकतो आणि जड पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात. त्यापेक्षा जमीन ओली ठेवणं जास्त उपयोगी. खर्च करायची तयारी असेल तर फॉगर, म्हणजे धुक्यासारखा बारीक फवारा सोडणारी नोझल, आणि टायमर लावा, दर पंधरा मिनिटांनी एक मिनिट, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. फॉगरच्या आधी फिल्टर हवाच, नाहीतर आपल्या पाण्यानं नोझल आठवड्यात चोंदतात.

ऑक्टोबरचा उन्हाळा लोक विसरतात. पाऊस गेल्यावर काढून ठेवलेली जाळी पुन्हा लागते, साधारण दिवाळीपर्यंत.

८. झाड काय सांगतंय ते ओळखा

*टोकं आणि कडा तपकिरी, मातीवर पांढरा थर.* क्षार साचलेत. वरची इंचभर माती काढून टाका. कुंडीच्या मापाच्या तिप्पट सौम्य पाणी हळूहळू सोडून निथळू द्या, चार दिवसांनी पुन्हा तेच करा. पांढरा थर नसेल आणि फक्त वाऱ्याकडची बाजू वाळत असेल तर दोष हवेचा आहे, आडोसा वाढवा.

*नवी पानं पिवळी, जुनी हिरवी.* लोहाची कमतरता. माती किंवा पाण्यातल्या चुन्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्याच्या बागांत दिसतो तोच हा पिवळेपणा. साधं हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग नाही, चुनखडीत ते लगेच अडकतं. ईडीटीए प्रकारचं लोहही पीएच सातच्या वर टिकत नाही. ईडीडीएचए घ्या, लिटरला अर्धा ग्रॅम, मातीत, दर पंधरा दिवसांनी, तीन वेळा. आणि पाणी बदला, नाहीतर पिवळेपणा पुन्हा येतो.

*जुनी पानं फिकी, नवी बरी.* भूक लागली आहे, नत्र कमी पडतंय.

*सगळंच पिवळट, माती सतत चिकचिकीत.* मुळं कुजताहेत. भोकं बंद झालीत का पाहा. कुंडीखालची बशी काढून टाका.

*गुंडाळलेला कोंब अर्धवट उलगडून काळा पडला.* उलगडण्याच्या त्या दिवसांत एकदा तरी कोरड पडली, झोत लागला किंवा कोणी बोट लावलं. हा कोंब परत येत नाही, कापून टाका. ओळीनं तीन-चार कोंब असेच गेले तर शेंडा तपासा.

*प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा लहान.* हे लक्षण सहज सुटतं आणि फार मोलाचं आहे. मुळांना जागा उरलेली नाही किंवा मुळं मेली आहेत. पावसाळ्यात एक माप मोठी कुंडी द्या.

*पानांवर पांढुरके, कागदासारखे चट्टे.* ऊन लागलं. चट्टे भरत नाहीत, जागा बदला.

*खोडावर लंबगोल वण.* कूपेरीचं जुनं पान गळून पडल्यावर राहिलेली खूण आहे. रोग नव्हे.

*पानामागे तपकिरी ठिपके.* इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पान उलटून भिंगातून पाहा. ठिपके छोट्या पर्णिकांच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, शिस्तीत ओळीनं असतील तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत. झाड निरोगी असल्याचं ते लक्षण, हात लावू नका. ठिपके वेडेवाकडे, देठावरही, नखानं खरवडल्यावर टरफलासारखे निघणारे आणि खाली चिकटपणा असेल तर ती खवले कीड.

९. कीड आणि औषधं

फर्न औषधांना फार नाजूक असतो. निंबोळी तेल, साबणाचं पाणी, कोणतंही कीटकनाशक आधी एका पर्णिकेवर मारून चार दिवस थांबा. पारा ३५ च्या वर असताना तेल अजिबात नको.

खवले आणि पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्यानं पुसून काढा. उन्हाळ्यात लाल कोळी येतो, पानामागे बारीक जाळी दिसते. दर तीन दिवसांनी पहाटे पानांच्या मागच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारला की तो हटतो. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे कोंब खातात. रात्री टॉर्च घेऊन वेचा. मीठ टाकू नका, गोगलगायीसोबत फर्नची मुळंही जातात.

१०. खत आणि छाटणी

जुलै ते ऑक्टोबर, दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत), लिटरला अर्धा ग्रॅम. जुलैत दोन मुठी गांडूळखत. उन्हाळ्यात खत बंद. युरिया मूठभर टाकणं म्हणजे मुळं जाळणं.

पूर्ण वाळलेलं पानच कापा. अर्धं हिरवं पान अजून झाडाला अन्न देत असतं. उन्हाळ्यात वाळलेली पानंही लोंबू द्या, खोडाला सावली मिळते. ती पाऊस सुरू झाल्यावर काढा.

११. जून उजाडला आणि एकही पान उरलं नाही तर

लगेच फेकू नका. हातमोजा घालून शेंडा हलकेच दाबा. टणक असेल, लव ओलसर असेल, आत घट्ट गाठींसारखे कोंब हाताला लागत असतील तर झाड जिवंत आहे. सावलीत ठेवा, माती ओलसर ठेवा, खत देऊ नका. पाऊस सुरू झाल्यावर सहा-आठ आठवडे वाट पाहा.

शेंडा मऊ लागला आणि कुजका वास आला तर वरून पाणी घालणं थांबवा, कुंडी तिरकी करून शेंड्यातलं पाणी निथळवा, सडलेला गर चमच्यानं अलगद काढा आणि झाड पावसापासून आडोशाला, वाऱ्याच्या जागी ठेवा. खाली टणक गाठी उरल्या असतील तर आशा आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत कोंब वर आला नाही तर कुंडी रिकामी करा, माती पसरून वाळवा, दुसऱ्या झाडांना वापरा. नवं रोप मात्र ताज्या मिश्रणातच लावा, आणि तेही पुढच्या जुलैत.